उतारवयातली हाडं आणि आतड्यातले जिवाणू

अबोली (धागाकर्ती)

२०१२ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातून एक शोधनिबंध आला. क्लारा शोग्रेन, क्लेस ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांची हाडं तपासली होती. या उंदरांच्या आतड्यात एकही जिवाणू नव्हता, आणि त्यांची हाडं साध्या उंदरांपेक्षा जास्त भरीव निघाली. हाड पोखरणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, त्यांच्यात कमी होत्या. मग त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले, तेव्हा त्यांची हाडंही चारचौघांसारखी झाली.

म्हणजे जिवाणू हाडांचे वैरी? तसंही नाही. २०१६ साली बॉस्टनमधल्या गटाने असाच प्रयोग जास्त काळ चालवला. जिवाणू दिल्यावर सुरुवातीला हाड घटलं. पण आठ महिन्यांनी पाहिलं तर जिवाणू मिळालेल्या उंदरांची हाडं निर्जंतुक उंदरांच्या हाडांपेक्षा लांब वाढलेली होती, कारण जिवाणूंमुळे आयजीएफ-१ हे वाढीला लागणारं संप्रेरक शरीरात जास्त तयार होत होतं. एकच जिवाणूसमूह हाड घटवतोही आणि घडवतोही. वय काय, संप्रेरकं किती, खाणं कसलं, यावर पारडं कुठे झुकणार ते ठरतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं घालवली. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲप गटावर 'हाडांसाठी प्रोबायोटिक', म्हणजे जिवंत जिवाणू असलेल्या, कॅप्सूलच्या जाहिराती फिरतायत आणि सत्तरी ओलांडलेल्या बायका पेन्शनमधून त्या विकत घेतायत, म्हणून हा धागा काढतेय. संशोधनात नक्की काय सापडलंय आणि काय नाही, ते शांतपणे मांडावं असं वाटलं.

हाड जिवंत असतं. रोज थोडं पोखरलं जातं, थोडं नव्याने बांधलं जातं. उतारवयात पोखरण्याचा वेग बांधण्याच्या पुढे जातो, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं तो फारच वाढतो. पोखरणाऱ्या पेशी तयार व्हायला रँकल नावाच्या प्रथिनाचा इशारा लागतो. हा इशारा देणाऱ्यांत रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशीही असतात. या टी-पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरालगत असतो, आणि तिथे कोणते जिवाणू राहतात यावरून त्यांची वागणूक ठरते. आतडं आणि हाड एकमेकांशी बोलतात ते मुख्यतः या वाटेने.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात रॉबेर्तो पाचिफिची यांच्या गटाने २०१६ मध्ये हे फार नेटकेपणाने दाखवलं. उंदरांमधली लैंगिक संप्रेरकं औषधाने बंद केली, म्हणजे पाळी जाण्यासारखी स्थिती केली. साध्या उंदरांची हाडं भराभर घटली. निर्जंतुक उंदरांची, आतून जाळीदार असणारी हाडं मात्र घटली नाहीत. कारण असं, की इस्ट्रोजेन कमी झालं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल होतात, जिवाणूंचे अंश आत झिरपतात, तिथल्या टी-पेशी चवताळतात आणि टीएनएफ, आयएल-१७, रँकल ही दाह वाढवणारी आणि हाड पोखरायला लावणारी रसायनं वाढतात. जिवाणूच नसतील तर झिरपणार काय? त्याच प्रयोगात आठवड्यातून दोनदा लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू दिलेल्या उंदरांच्या आतड्याचं अस्तर घट्ट राहिलं आणि हाडं वाचली.

दुसरी वाट तंतूंची. आपण खाल्लेला चोथा, भाजीतले-कडधान्यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतात. त्यातून ते ब्युटिरेट, प्रोपिओनेट, ॲसिटेट अशी लहान साखळीची मेदाम्लं तयार करतात. ही आम्लं एक तर तिथला सामू (पीएच) खाली आणतात, म्हणजे आम्लता वाढवतात, त्यामुळे कॅल्शियम विरघळलेल्या स्थितीत राहून जास्त शोषलं जातं. शिवाय ती रक्तातून थेट हाडापर्यंत जातात. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की ब्युटिरेट आणि प्रोपिओनेट दिल्यावर उंदरांमधल्या पोखरणाऱ्या पेशींची निर्मितीच रोखली जाते.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसांवरच्या चाचण्या मोजक्या आहेत. गोथेनबर्गलाच मातियास लोरेंत्सन यांच्या गटाने ७५ ते ८० वयाच्या, हाडं आधीच विरळ असलेल्या ९० स्त्रियांवर वर्षभर चाचणी घेतली (निकाल २०१८). निम्म्या जणींना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी ६४७५ हा जिवाणू रोज हजार कोटींच्या मात्रेत, निम्म्या जणींना तशीच दिसणारी पण जिवाणू नसलेली पूड. वर्षअखेर नडगीच्या हाडाची घनता जिवाणूवाल्या गटात सरासरी ०.८३ टक्के घटली, दुसऱ्या गटात १.८५ टक्के. लक्षात घ्या, हाड वाढलं कुणाचंच नाही. घट मंदावली.

जाहिरातींमध्ये हाच निकाल फिरतो. जाहिरातीत जे येत नाही ते असं: त्याच विद्यापीठाच्या गटाने तोच जिवाणू घेऊन पाळी नुकतीच गेलेल्या, ५० ते ६० वयाच्या २३९ स्त्रियांवर दोन वर्षांची मोठी चाचणी केली. २०२४ मध्ये निकाल आला. काहीही फरक पडला नाही, ना कमी मात्रेने, ना जास्त मात्रेने.

माझं मत सांगून थांबते. आतडं आणि हाड यांचा संबंध पक्का आहे. एखादी कॅप्सूल गिळून तो आपल्या बाजूने वळवता येतो, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. जिवाणू विकत घेण्यापेक्षा जे आत आहेत त्यांना नीट खायला घालणं हे स्वस्त आणि जास्त पटणारं आहे. बाकीच्यांचे अनुभव, प्रश्न, हरकती जरूर लिहा.


मोरपंखी

वाचनखूण साठवली आहे. दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्यात हे फार आवडलं.


कृष्णाकाठ

अबोलीताई, अगदी वेळेवर धागा आला. आमची आई ७८ वर्षांची. दिवाळीच्या आधी अंगणात पाय सरकून पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, मणक्याचा टी-स्कोअर (तरुण वयातल्या हाडाच्या तुलनेत घनता किती कमी, त्याचा आकडा) उणे ३.१ आला. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डी लिहून दिलं. आई म्हणते गोळीने छातीत जळजळतं, त्यापेक्षा ती प्रोबायोटिक कॅप्सूल आणून दे, ती तरी नैसर्गिक आहे. शेजारच्या काकूही तेच घेतात. आईला काय सांगू? ती माझ्यापेक्षा अशा धाग्यांवर जास्त विश्वास ठेवते, मी मोठ्याने वाचून दाखवणार आहे.


हाडवैद्य

कृष्णाकाठ, मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, तेव्हा आईंना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखवा.

आई, एकदा साध्या पडण्याने हाड मोडलं आणि टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आहे, म्हणजे तुम्हाला औषधाची गरज आहे यात शंका नाही. तुमची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी ज्या बिसफॉस्फोनेट गटातली आहे, त्या औषधांनी मणक्याचं आणि खुब्याचं हाड मोडण्याचा धोका कमी होतो, हे हजारो रुग्णांवर पाहिलेलं आहे. जिवाणूंच्या चाचण्यांमध्ये जे मोजलं ती घनता होती. कुणाचं हाड मोडायचं वाचलं का, हे दाखवण्याएवढ्या मोठ्या त्या चाचण्या नाहीत. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका.

आता जळजळीबद्दल. माझ्या ओपीडीत वारंवार दिसतं की गोळी घ्यायची पद्धत चुकते. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, अनशापोटी, साध्या पाण्याच्या भरलेल्या पेल्याबरोबर गोळी गिळायची. चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी त्याबरोबर नाही. त्यानंतर किमान अर्धा तास ताठ बसायचं किंवा घरात फिरायचं, आडवं व्हायचं नाही. देवपूजा त्या वेळेत होऊन जाते. चहाबरोबर घेतली तर औषध जवळपास शोषलंच जात नाही, आणि घेऊन परत आडव्या झालात तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. असं नीट करूनही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड आहे, सहा महिन्यांनी कातडीखाली द्यायचं डेनोसुमॅब आहे. डेनोसुमॅब मात्र सुरू केलं तर मनाने बंद करायचं नाही, अचानक थांबवल्यास मणके मोडण्याचा धोका उलट वाढतो.

अबोलीताईंनी न लिहिलेली एक गोष्ट मला इथे घालायची आहे, कारण ती आतडं आणि हाड या दोघांनाही लागू आहे. आपल्याकडे पंचाहत्तरीच्या माणसाच्या औषधाच्या डब्यात ॲसिडिटीची गोळी हमखास असते. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल. कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते, ती दहा वर्षं चालू राहते. या औषधांनी जठरातलं आम्ल कमी होतं. आम्लात मरणारे तोंडातले जिवाणू मग खाली आतड्यात जाऊन वस्ती करतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, तेही नीट होत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्येच या गोळ्या वर्षानुवर्षं किंवा मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांमध्ये खुबा, मनगट आणि मणका मोडण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा दिला. तरी कुणीही आजच ती गोळी फेकून देऊ नका. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ती पोटातला रक्तस्राव टाळायला दिलेली असू शकते. आपल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: 'ही मला अजून लागते का?' लागत असेल तर कॅल्शियम सायट्रेट घ्या, त्याला आम्ल लागत नाही.


उत्तरध्रुव

मी गोथेनबर्गपासून तासाभरावर राहते, म्हणून लिहिते. हे संशोधन इथूनच का आलं याचं कारण इथे राहून कळतं. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जगात सर्वात जास्त असलेल्या देशांत स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क येतात. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार आणि फुटपाथवर बर्फाचा काचेसारखा थर. माझ्या शेजारच्या आजी चपलांना खालून खिळ्यांचे पट्टे लावून बाजारात जातात. इथे दूध-चीज भरपूर खातात, तरी हाडं मोडतात. तेव्हा फक्त कॅल्शियमवर सगळं अवलंबून नाही, हा विचार इथल्या संशोधकांना लवकर सुचला यात नवल नाही.

याच गटाची आणखी एक चाचणी आहे. २०१९ मध्ये आली. तीन लॅक्टोबॅसिलसचं मिश्रण, पाळी नुकतीच गेलेल्या २४९ स्त्रिया, एक वर्ष. त्यात कमरेच्या मणक्यांची घट जवळपास थांबली होती, दुसऱ्या गटात पाऊण टक्क्याच्या आसपास घट. म्हणजे एका जिवाणूने काम केलं नाही, दुसऱ्या मिश्रणाने थोडं केलं. म्हणून दुकानात 'प्रोबायोटिक' एवढाच शब्द बघून घेण्यात अर्थ नाही. कोणता वाण हे महत्त्वाचं.

आणि एक खाण्यातली गोष्ट. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाने पाळी गेलेल्या २३५ स्त्रियांना वर्षभर सुके आलुबुखार, म्हणजे प्रून, खायला दिले होते. रोज ५० ग्रॅम, साधारण पाच-सहा नग, खाणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकून राहिली. रोज १०० ग्रॅमवाल्या गटातल्या बऱ्याच जणींनी मध्येच सोडून दिलं. माझ्या सासूबाई पुण्याहून येतात तेव्हा मी त्यांच्यासाठी आणून ठेवते, त्यांना बद्धकोष्ठावर त्याचा उपयोग होतो. मधुमेह असेल तर गोडाचा हिशेब धरून खावे.


वातायन

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे. अबोलीताईंचं लेखन वाचताना अष्टांगहृदय डोळ्यांसमोर येत होतं. वाग्भटाने वाताची स्थानं सांगताना पक्वाशय, कंबर, मांड्या, कान, अस्थी, त्वचा ही नावं घेतली आणि त्यातही पक्वाशय विशेष, असं सांगितलं. पक्वाशय म्हणजे मोठं आतडं. दुसरीकडे तोच म्हणतो की अस्थींमध्ये वात राहतो. अस्थिक्षयावर सांगितलेला उपचार म्हणजे दूध, तूप आणि कडू द्रव्यांनी सिद्ध केलेली बस्ती. हाड कमकुवत, तर औषध गुदमार्गाने मोठ्या आतड्यात! विद्यार्थिदशेत मला हे पाठांतरापुरतं वाटायचं. आता त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं. यावर नीट चाचण्या व्हायला हव्यात.


अबोली

वातायन, फार मोलाची भर घातलीत. मोठं आतडं आणि हाड यांना एका धाग्यात ओवणारं निरीक्षण इतकं जुनं आहे याचा मला आदर वाटतो. एवढीच पुस्ती जोडते की त्यांना जिवाणू माहीत होते, असा अर्थ कुणी यातून काढू नये. त्यांनी म्हाताऱ्या माणसांची पोटं आणि सांधे बारकाईने पाहिले, त्यावरून संबंध जोडला. बस्तीने आतड्यातल्या जिवाणूंमध्ये काय बदल होतो आणि हाडाच्या घनतेत काय, हे मोजता येण्यासारखं आहे. तुमच्यासारख्यांनीच ते हाती घ्यावं.

आपल्या देशातलं काम आहेच. दिल्लीच्या एम्समध्ये रूपेश श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेत लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस आणि बॅसिलस क्लॉसी हे दोन जिवाणू अंडाशय काढलेल्या उंदरांना दिले. २०१८ मध्ये निकाल आले: दोन्हींनी हाडांची झीज रोखली, दाह वाढवणाऱ्या टी-पेशी कमी झाल्या आणि शांत करणाऱ्या वाढल्या. बॅसिलस क्लॉसी म्हणजे तेच, जे जुलाब झाल्यावर लहान मुलांना छोट्या प्लास्टिकच्या कुपीतून पाजतात. हेही उंदरांवरचंच आहे. त्यामुळे घरात उरलेल्या कुप्या आजीला पाजू नका.


ठाणेकर

ताई, हल्ली घरबसल्या शौचाचा नमुना पाठवून 'गट मायक्रोबायोम रिपोर्ट' मिळतो. चांगले जिवाणू किती, वाईट किती, रंगीत तक्ता येतो. वडिलांसाठी मागवावा का? किंमत काही हजारांत आहे, पण उपयोग होणार असेल तर मागवतो.


अबोली

ठाणेकर, हाडांसाठी म्हणून मागवणार असाल तर पैसे वाचवा. कारण सांगते.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातले हजारावर लोक आणि मिस्टर-ऑस नावाच्या अभ्यासातले आठशेवर वृद्ध पुरुष, यांच्या शौचाच्या नमुन्यांची आणि हाडांच्या अतिसूक्ष्म स्कॅनची सांगड घातलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात ॲकरमान्सिया नावाचा जिवाणू ज्यांच्यात जास्त, त्यांची हाडांची मोजमापं काही बाबतीत कमी निघाली. आता ही गंभीर गोष्ट पाहा: वजन आणि साखर या बाबतीत ॲकरमान्सिया हा 'चांगला' जिवाणू गणला जातो, तो वाढवण्यासाठी कॅप्सूल विकल्या जातात. रंगीत तक्त्यात तो हिरव्या रंगात दिसेल. एकाच जिवाणूची वागणूक अवयवागणिक वेगळी असू शकते. शिवाय हा अभ्यास नुसता संबंध दाखवतो. जिवाणूमुळे हाड घटलं, की हाड घटवणाऱ्या एखाद्या तिसऱ्याच गोष्टीमुळे जिवाणू वाढला, ते त्यातून कळत नाही.

दुसरं कारण आपल्या पोटाचं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर पुष्कळ काम केलंय. धान्य-कडधान्य खाणाऱ्या आपल्या लोकांत प्रेव्होटेला या जिवाणूचा भरणा मोठा असतो, पाश्चात्त्यांत बॅक्टेरॉइड्सचा. 'आदर्श' आतडं कसं हे ठरवायला जो नमुना वापरला असेल तो कुठल्या माणसांचा, हे विचारल्याशिवाय त्या तक्त्याला काय अर्थ? तेच पैसे वडिलांच्या डेक्सा स्कॅनला वापरा.


माजघर

मी संशोधनातलं काही सांगू शकत नाही, पण 'आतल्यांना नीट खायला घाला' हे ताईंनी लिहिलं ते माझ्या हातातलं आहे. घरात ८३ वर्षांच्या आत्याबाई आहेत, दात नाहीत, कवळी टोचते म्हणून लावत नाहीत. त्यांना आंबील चालते.

नाचणीचं पीठ तीन चमचे रात्री वाटीभर पाण्यात आणि दोन डाव ताकात कालवून झाकून ठेवते. सकाळी वर बारीक फेस दिसतो आणि आंबूस वास येतो. दोन वाट्या पाणी उकळलं की ते कालवलेलं पीठ त्यात ओतायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. रंग गडद होऊन चकाकी आली की उतरवायचं. मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण. पूर्ण निवल्यावरच ताजं ताक घालायचं. गरम असताना घातलं तर ताकातले जिवाणू मरतात, असं मला माझ्या भाचीने सांगितलं. कढीचंही तेच ना ताई?

नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात आहे. ज्वारी-बाजरीत त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही. शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. तिळात तर बाराशेच्या पुढे, म्हणून मी रोज दोन चहाचे चमचे तीळ भाजून, कुटून भाजीवर भुरभुरवते. न कुटता घातले तर आत्याबाईंच्या पोटातून तसेच बाहेर पडतात.


अबोली

माजघर, तुमची भाची बरोबर सांगते. कढीत, उकळलेल्या मठ्ठ्यात जिवाणू जिवंत राहत नाहीत. कढी जरूर खा, त्यातलं कॅल्शियम कुठे जात नाही.

रात्रभर आंबवण्याने आणखी एक होतं. नाचणीत फायटिक आम्ल असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. आंबवल्याने आणि मोड आणल्याने ते बरंच कमी होतं. तुमच्या आत्याबाईंना त्याच नाचणीतून जास्त कॅल्शियम मिळत असणार.

दह्याबद्दल बऱ्याच जणांनी निरोपांत विचारलंय. घरच्या दह्यातले जिवाणू घरोघर वेगळे असतात, ते आतड्यात कायमचे राहत नाहीत, येऊन जातात. ज्या वाणांवर चाचण्या झाल्या ते आपल्या विरजणात असतीलच असं नाही. तरी दही प्रथिनं देतं, कॅल्शियम देतं, आणि दूध न पचणाऱ्या वृद्धांना पचतं. एवढी कारणं रोज वाटीभर दही खायला पुरेशी आहेत.

तंतूंमध्ये विविधता हवी. कांदा-लसणातलं इन्युलिन, गवारीचा आणि मेथीदाण्यांचा चिकट तंतू, कडधान्यांचा चोथा, शिजवून गार केलेल्या भातातला न पचणारा स्टार्च, हे वेगवेगळ्या जिवाणूंचं खाद्य आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कॉनी वीव्हर यांच्या गटाने २०१६ मध्ये पाळी गेलेल्या स्त्रियांना मक्यापासून काढलेला विद्राव्य तंतू दिला, तेव्हा हाडांमध्ये कॅल्शियम टिकून राहण्याचं प्रमाण मात्रेप्रमाणे वाढलं. तंतू हळूहळू वाढवा, वृद्धांना एकदम वाढवल्यास गॅसने पोट फुगतं आणि मग ते कायमचं सोडून देतात.


ठाणेकर

वडिलांचं डेक्सा स्कॅनचं नाव नोंदवलं. एक प्रश्न व्हिटॅमिन डीचा. ते दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी घेतात, किती वर्षं ते त्यांनाही आठवत नाही. त्याचाही जिवाणूंशी संबंध आहे का?


हाडवैद्य

संबंध आहे, आणि तो लक्षवेधी आहे. मिस्टर-ऑस अभ्यासातल्याच ५६७ वृद्ध पुरुषांवर सॅन दिएगोच्या डेबोरा काडो आणि सहकाऱ्यांनी काम केलं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. आपण रक्तात जे मोजतो ते साठ्यातलं डी. त्याचा जिवाणूंच्या विविधतेशी काही मेळ नव्हता. शरीर त्यातून जे सक्रिय डी बनवतं, त्याचा मात्र होता. ज्यांच्यात सक्रिय डी जास्त, त्यांच्या आतड्यात ब्युटिरेट बनवणारे जिवाणूही जास्त. कोण कुणामुळे, ते अजून उलगडायचं आहे.

पण तुमच्या वडिलांची पुडी ही वेगळी काळजी आहे. आठवड्याची ६०,००० ची मात्रा साधारण आठ आठवड्यांसाठी असते, मग महिन्याला एक किंवा रोजची लहान मात्रा. वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेतल्यावर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा, मूत्रपिंडाला इजा अशा अवस्थेत आलेले रुग्ण मी पाहिलेत. ऑस्ट्रेलियात २२५६ वृद्ध स्त्रियांवर एक चाचणी झाली होती, २०१० मध्ये निकाल आला. वर्षातून एकदा पाच लाख युनिट डी दिलेल्या स्त्रिया जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. रक्तातलं डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासा, रिपोर्ट दाखवेपर्यंत पुडी थांबवा.

आणि पडणं टाळा, हे मी प्रत्येक धाग्यावर लिहीन. खुबा मोडलेल्या आजी येतात तेव्हा एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलेलं असतं, दारातूनच कळतं. बहुतेक वेळा हकीकत तीच: रात्री लघवीला उठल्या, दिवा लावला नाही कारण 'मुलांची झोप मोडेल'. न्हाणीघराच्या भिंतीला पकडायला दांडी, पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर एक छोटा दिवा, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा रोजचा सराव. यासाठी कुठल्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहायला नको.


कृष्णाकाठ

सगळा धागा आईला वाचून दाखवला. डॉक्टरांचं देवपूजेचं वाक्य तिला पटलं. या रविवारपासून गोळी तशी घेणार म्हणाली, आणि जळजळ झाली तर डॉक्टरांकडे जाऊ. प्रोबायोटिक कॅप्सूल आणायची नाही असं ठरलं. माजघरताई, आंबिलीची कृती बायकोने लिहून घेतलीय.

एक शेवटचं विचारतो. आई रात्री इसबगोल घेते आणि कॅल्शियमची गोळीही रात्रीच. हे चालेल का? आणि इसबगोलने जिवाणूंना खाद्य मिळतं का?


हाडवैद्य

दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. इसबगोल गोळ्यांना वेढून त्यांचं शोषण कमी करू शकतं. कॅल्शियम जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. इसबगोल झोपताना, मोठा पेला पाण्यासोबत. अ‍ॅलेंड्रोनेटच्या दिवशी सकाळी यातलं काहीच नको. मुतखडा होऊन गेला असेल तर कॅल्शियमच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.


अबोली

इसबगोल जिवाणू फारसं खात नाहीत. ते पाणी धरून ठेवतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं, म्हणून तर बद्धकोष्ठाला उपयोगी. बंद करायचं कारण नाही, पण जिवाणूंसाठी म्हणून त्यावर विसंबू नका. दुपारच्या जेवणात मूठभर मोड आलेल्या मटकीची पातळ उसळ द्या. कांदा-लसूण त्यात येतोच. सुरुवातीला अर्धी वाटी पुरे, पंधरा दिवस पोटाला मानवली की वाढवा.